कोकिळाअक्काचं फिकं पातेलं

जळगावजवळच्या असोद्यात लग्न ठरलं की लोक आधी कोकिळाअक्काची तारीख विचारतात, मग मंगल कार्यालयाची. कार्यालय काय, दुसरं मिळतं. कोकिळाअक्काच्या हातचं भरीत आणि वरण-बट्टी दुसरीकडे कुठून आणणार? अठ्ठावन्न वर्षांची ठेंगणी बाई, पदर कायम खोचलेला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की हाताखालच्या बाया तिची चाहूल लागली तरी कांदा भरभर चिरायला लागतात. माहेर धुळ्याकडचं. असोद्याला येऊन अडतीस वर्षं झाली, तरी राग आला की तोंडातून अहिराणीच बाहेर पडते. आणि राग यायला तिला फार काही लागत नाही. कुणी मिठाची बरणी उघडी ठेवली, एवढं पुरतं.

तिला चवीचा गर्व नव्हता बरं का. चव काय, ती म्हणायची, तेल मोकळ्या हाताने सोडलं की कुणालाही येते. गर्व होता तो पचण्याचा. पंगतीला तीनशे माणूस असो की हजार, दुसऱ्या दिवशी कुणाचं पोट दुखल्याचं गाऱ्हाणं आजवर तिच्या दारात आलं नव्हतं. "मन्हा हातनं खाईसनी आजपावत कोनं पोट बिघडनं नही," हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की आता ते गावच बोलायचं. नवरीचा बाप ते वरपक्षाला ऐकवायचा, वरपक्ष पाहुण्यांना ऐकवायचा. तिचा नवरा चुडामण तेवढा हे वाक्य कधी बोलत नसे. पण तो मुळात कमी बोलणारा माणूस, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

अक्काची एक रीत होती, सासूने शिकवलेली. मोठा स्वयंपाक उतरला की पहिला घास मुक्या जिवाला घालायचा. त्याने खाल्ला की मगच पंगत. कित्येक वर्षं हा मान गल्लीतल्या मोत्या कुत्र्याचा होता. मोत्याचं पोट म्हणजे लोखंड, चपला पचवलेला प्राणी तो. लसणीच्या ठेच्याचं भरीत खाऊन वर पत्रावळ चाटायचा. गेल्या दिवाळीत तो म्हातारपणाने गेला आणि घासाची जागा रिकामी झाली.

ती जागा भरली मांजरीच्या पिल्लाने. झालं असं, की मार्गशीर्षात फैजपूरकडे रुपचंदभाऊ या ओळखीच्या शेतकऱ्याच्या मळ्यात भरिताची पार्टी होती. वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग रचलेला. अक्काने काडी ओढली, पेटवणार, तेवढ्यात ढिगाच्या पोटातून बारीक म्याऊ आलं. ढीग उपसला तर आत ओंजळीएवढं पिल्लू, तळलेल्या बट्टीच्या रंगाचं. आई कुठे दिसेना. मजूर म्हणाले, परवापासून नाही दिसली. आणखी एक क्षण उशीर झाला असता तर काय झालं असतं, या विचाराने अक्काने काडीपेटी मजुरांच्या हातात देऊन टाकली. सगळं भरीत होईपर्यंत पिल्लू तिच्या पदरात होतं, आणि संध्याकाळी ते असोद्याला आलं. नाव दुसरं कोणतं ठेवणार? बट्टी.

अक्काला मूलबाळ नाही. ते दुःख तिने केव्हाच चुलीत घातलं होतं, असं ती म्हणायची. पण बट्टी आल्यावर ही बाई दिवसातून दहा वेळा उगीचच अंगणात जायला लागली. पिल्लाशी बोलताना तिचा आवाजसुद्धा खाली यायचा. शेजारच्या भिकुबाईने हे पाहिलं आणि गल्लीभर सांगितलं.

आता लाड म्हटले की अक्काला एकच प्रकार ठाऊक. खाऊ घालणं. सकाळी साय घालून वाटीभर दूध. दुपारी दुधात कुस्करलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. संध्याकाळी चिकन असेल तर काळ्या मसाल्याच्या रश्श्यात बुडवलेला तुकडा. आणि स्वयंपाकाचं काम निघालं की बट्टी केळीच्या खोक्यात बसून सोबत, कारण पहिला घास आता तिचा. भरिताचा घास, शेवभाजीचा घास, तुपात भिजलेल्या बट्टीचा घास. पिल्लू खायचंही लगबगीने. त्यात भर गल्लीतल्या बायकांची. मांजर दारात आलं की उपाशी पाठवायचं नाही, ही इकडची पद्धत. सात घरी सात घास आणि शिवाय अक्काचं दूध.

पंधरा दिवस बरे गेले. मग बट्टीचं पोट सुटलं.

पहिल्या दिवशी अक्काने फारसं मनावर घेतलं नाही, लहान लेकरांना होतंच. दुसऱ्या दिवशी जायफळ उगाळून चाटवलं. तिसऱ्या दिवशी ताक पाजलं. भिकुबाई म्हणाली नजर लागली, म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. आणि अशक्तपणा आला म्हणून दूध वाढवलं, एक वेळचं तीन वेळा. जेवढं दूध वाढलं तेवढं पोट बिघडलं. पण हे दोन धागे एकत्र जोडायचं अक्काच्या डोक्यात आलं नाही. कसं येणार? मांजर आणि दूध ही जोडी तर बाराखडीच्या पुस्तकापासून पाहिलेली.

चौथ्या दिवशी सकाळी बट्टी उठलीच नाही. अंगणातल्या थंड चुलीपाशी मुटकुळं करून पडलेली. वाटी पुढे केली तर तोंड फिरवलं. अक्काने तिला उचललं आणि तिच्या लक्षात आलं, हाताला नुसती हाडं लागताहेत. अठ्ठावन्न वर्षांची बाई, हजार माणसांच्या पंगती उठवणारी, ती पिल्लू पोटाशी धरून अंगणातच बसली. आपल्या हातचं खाऊन हे पोर चाललं, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला रडू कोसळलं.

 चुडामणने लूना बाहेर काढली, केळीच्या खोक्यात जुनं लुगडं अंथरलं आणि म्हणाला, बस.

जळगावात एका गल्लीत जनावरांचा खासगी दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर मेघा म्हणजे तिशीतली मुलगी, केस वर बांधलेले, हातावर मांजरीचे ओरखडे. त्यांनी बट्टीची मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तंबूसारखी उभीच राहिली. अंगातलं पाणी गेलंय, त्या म्हणाल्या. हिरड्या पाहिल्या, पांढुरक्या. काट्यावर ठेवलं तर सातशे ग्रॅम. या वयाला किलोच्या पुढे असायला हवी. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, काय खाते?

अक्काने लग्नाचा मेनू सांगावा तशी यादी सांगितली. दूध साय घालून, भाकरी, रस्सा, भरीत, शेवभाजी. सांगताना तिच्या आवाजात नकळत तो नेहमीचा रुबाब आला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, हे सगळं रोज खाल्लं तर माणसाचंही पोट जळेल. ही तर तीन महिन्यांची."

चुडामण तेव्हा भिंतीवरचं गाई-म्हशींच्या लसीकरणाचं पोस्टर वाचत होता. तो ते खूप वेळ वाचत राहिला.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. आईचं सुटलं की बहुतेक मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही. आवडतं, पण पचत नाही, त्यानेच जुलाब होतात. कांदा आणि लसूण तर मांजरीला विषच, रक्तावर परिणाम होतो, आणि शिजवला म्हणून त्याचं विष जात नाही. तिखट, तेल, मीठ बंद. पोटात जंतही असणार, त्याचं औषध आज, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. त्यांनी बट्टीच्या कातडीखाली सलाईन दिलं, रक्त काढून घेतलं आणि घरी काय करायचं ते सांगितलं. चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं, हाड काढायचं, बारीक तुकडे करायचे. दिवसातून पाच-सहा वेळा चमचा-चमचा. पाण्याची वाटी सतत भरलेली. पोट सावरलं की पिल्लांचं तयार खाणं त्यात रोज थोडं थोडं मिसळायचं, आठ दिवसांत पूर्ण त्यावर आणायचं, कारण नुसत्या चिकनवर पिल्लू वाढत नाही. आणि दोन दिवसांत फरक पडला नाही किंवा खाणंच सोडलं, तर थेट इकडे.

"जगेल ना?" अक्काने विचारलं.

"तुम्ही तिला फिकं खाऊ घालू शकलात तर जगेल."

परतीच्या वाटेवर अक्का खोकं मांडीवर घट्ट धरून लूनाच्या मागे बसली होती. असोद्याचा फाटा आला तेव्हा चुडामणला पाठीवर काहीतरी ओलं लागलं. त्याने गाडी आणखी हळू केली.

फिकं! कोकिळाअक्काच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी शिवी होती. तिच्या तोंडी फिकं म्हणजे आजारी, फिकं म्हणजे आळशी बाईचं, फिकं म्हणजे ज्या घरात पाहुण्याची किंमत नाही तिथलं. आणि आता तिने स्वतःच्या हाताने फिकं करायचं होतं.

चिकन घरातल्या गॅसवर नाही, अंगणातल्या चुलीवर आणि बाहेरच्या पातेल्यात, हा त्या घराचा जुना नेम. तिने पातेलं मांडलं, पाणी ओतलं, तुकडे सोडले. पाणी उकळलं आणि तिचा उजवा हात मिठाकडे गेला. तिने नाही नेला, तो आपोआप गेला. चाळीस वर्षांची सवय, तिला डोळे थोडेच असतात! चिमूट पातेल्यावर आली तेव्हा ती भानावर आली आणि स्वतःच्याच हातावर चापट मारली. मग तिने चुडामणला हाक मारली आणि समोर बसवलं. माझा हात कुठे जातो ते बघायचं, मसाल्याच्या डब्याकडे गेला की धरायचा. चुडामण चुलीसमोर दगडावर बसून बायकोच्या हाताची राखण करू लागला. दोनदा त्याने तिचं मनगट धरलं. एकदा हळदीसाठी, एकदा आल्यासाठी. अक्का चिडली, पण पातेलं फिकं राहिलं.

"वास चांगला येऊ राह्यला," चुडामण म्हणाला. अक्काला वाटलं, तो तिची समजूत काढतोय.

पहिला चमचा बट्टीने नुसता हुंगला. दुसऱ्यांदा जिभेने शिवला. संध्याकाळी तिने तो खाल्ला, आणि अक्काने इतका मोठा श्वास सोडला की भिकुबाई भिंतीपलीकडून विचारायला लागली, काय झालं. रक्ताचा रिपोर्ट आला, रक्त थोडं कमी होतं पण भरून येण्यासारखं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन दाखवलं. तिसऱ्या दिवशी जुलाब कमी झाले. पाचव्या दिवशी सकाळी अक्का बट्टीसाठी माती भरून ठेवलेल्या टोपलीपाशी वाकून बसलेली असताना एरंडोलहून नवरीच्या बापाचा फोन आला, हळदीच्या जेवणाचं विचारायला. त्याने अजून नमस्कारही पुरता केला नव्हता, तोच अक्काने त्याला आनंदाने सांगून टाकलं की आज शी घट्ट झाली.  त्या बिचाऱ्याने विचारलं, मग भरीत किती किलो धरायचं?

अक्का गल्लीतल्या सातही दारांत जाऊन आली. आजपासून मन्हा मांजरले कोनी काही देवानं नही. एक घास घालायचा नाही, प्रेम उतू जात असेल तर दुरून बघा. भिकुबाईला राग आला, दोन दिवस ती बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच कोंबडीचा तुकडा घेऊन आली, बिनमिठाचा आहे हे तीनदा सांगत. तोही अक्काने परत पाठवला. त्या एरंडोलच्या हळदीत तर कहर झाला. एका पाहुण्याने खोक्यातल्या बट्टीला शेवभाजीत बुडवलेली पुरी टाकली. भरल्या पंगतीतून अक्का धावली आणि पिल्लाच्या तोंडातून पुरी काढून घेतली. दोनशे माणूस बघत होतं. ज्या बाईने आयुष्यभर लोकांच्या ताटात आग्रहाने वाढलं, ती एका जिवाच्या तोंडचा घास काढत होती. आणि पहिला घास? त्या दिवशी तो कुणालाच घातला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रीत मोडली, आणि अक्काला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

भाजीच्या काट्यावर बट्टीचं वजन होऊ लागलं. सातशेची आठशे झाली, आठशेची नऊशे. डोळ्यांत चमक आली, अंगावरचे केस बसले. आता ती चुडामणच्या धोतराचा सोगा धरून लोंबायची. तयार खाणं सुरू झालं होतं, तरी अक्का रोज थोडं चिकन उकडून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायची, आठवडाभर मिसळून द्यायला.

आणि तो डबा रोज कमी भरायला लागला.

अंदाज चुकला असं कुणी म्हणू नये. पाचशे माणसांचं मीठ मुठीने घालणारी बाई ती. तिने सकाळी वाडगाभर ठेवलं, बट्टीला तीन चमचे दिले, तर दुपारी डबा अर्धा? शिवाय बाजूला ठेवलेला पांढरा भातही जायचा. आधी तिला भिकुबाईच्या बोक्याचा संशय आला. पण बोका फ्रिजचं दार उघडून परत लावत नाही. मग एके दिवशी तिने मोठ्याने सांगितलं की मी कापूस सोसायटीपाशी, कामाला येणाऱ्या रूपाकडे जाऊन येते, तासभर लागेल. पुढच्या दाराने गेली आणि गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने आली.

मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही, असं म्हणतात. अंगणात मांजर डोळे उघडे ठेवून बसलं होतं. डोळे मिटले होते चुडामणने. चुलीजवळच्या दगडावर तो बसला होता, मांडीवर थाळी, थाळीत पांढरा भात आणि बट्टीचं बिनमिठाचं चिकन. सावकाश, एकेक घास चावून खात होता. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते अक्काने तिच्या भरिताच्या थाळीसमोर कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली.

घास त्याच्या घशात अडकला. तिने पाणी दिलं. तो प्यायला, आणि मग त्याला काही लपवता येईना. बंडीच्या खिशातून गुलाबी गोळ्यांचं पाकीट निघालं. अक्काला वाटायचं ते गुडघ्याचं आहे. ते छातीतल्या जळजळीचं होतं. गेली अकरा वर्षं तिखट खाल्लं की छातीत आग आणि पहाटे घशाशी आंबट. जेवण झालं की दोन गोळ्या, आणि वर तोंडभर, छान झालं हं. अकरा वर्षं! आणि ही बाई समोर बसून दुसरी वाढ घालत होती.

"याच्यानं जळत नही," तो थाळीकडे बघत म्हणाला, चूक कबूल करावी तसा.

"अकरा वरीस व्हयनात. मंग सांगं का नही?"

चुडामणने थाळी खाली ठेवली.

"सारं गाव म्हनते, कोकिळाच्या हातचं खाऊन कोनाचं पोट बिघडत नही. तुह्याच घरातला मी, उलटं कसं सांगू?"

अक्का चुलीपाशी बसली. आधी राग आला, की माझ्याशी खोटं बोलले. मग तो राग फिरून तिच्यावरच आला. तीन महिन्यांच्या पिल्लाची शी ती रोज वाकून बघत होती, आणि अडतीस वर्षं शेजारी जेवणाऱ्या माणसाच्या खिशात काय आहे ते तिने पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती पदर तोंडाला लावून रडली. चुडामण घाबरला, म्हणाला उद्यापासून मांजरीचं नाही खाणार. त्यावर मात्र तिला रडता रडता हसू आलं.

दुसऱ्या दिवशी लूना पुन्हा जळगावला गेली, या वेळी माणसांच्या डॉक्टरांकडे. दुर्बीण घालून पाहिलं. आतड्याच्या तोंडाशी जुनी जखम होती, औषधाने भरणारी. थोडं थोडं खा, वेळेवर खा, तेलतिखट बंद, मीठ कमी. अक्काने ते सगळं मान हलवत ऐकलं आणि डॉक्टरांना म्हणाली, हे मला येतं, मी केलंय.

आता अक्का कुठेही स्वयंपाकाला गेली की मोठ्या चुलींच्या बाजूला एक लहान चूल मांडते. तिच्यावर लहान पातेलं. लसूण नाही, मिरची नाही. भाजलेल्या वांग्याचा नुसता गर, त्यावर जिऱ्याची पूड आणि मिठाचे चार कण. आता तिचा हात स्वतःच थांबतो, राखण लागत नाही. स्वयंपाक उतरला की पहिला घास निघतो तो या पातेल्यातून, आणि तो जातो कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या चुडामणकडे. सासूने मुक्या जिवाला घाल म्हणून सांगितलं होतं. अकरा वर्षं तोंडातून शब्द न काढलेला माणूस, तो आणखी कोण? चुडामण खातो. अक्का पंगत थांबवून त्याच्याकडे बघत उभी राहते. त्याने मान हलवली की वाढपी सुटतात. त्याच्या पायाशी बट्टी बसलेली असते, आता चांगली अडीच किलोची, आपलं खाणं घरूनच खाऊन आलेली.

परवा फैजपूरच्या एका लग्नात नवरीचा मामा पाहुण्यांना तेच जुनं वाक्य ऐकवत होता, की या अक्काच्या हातचं खाऊन आजवर एकाचंही पोट बिघडलेलं नाही. अक्का परात धुवत होती. तिने हात पुसले आणि वळून म्हणाली,

"दोन जनस्नं बिघडनं व्हतं. एक हाई मांजर, नि एक मन्हा नवरा. आते दोन्ही बरा शेतस."